बाळंतपणानंतर ॲक्युपंक्चर : पहिल्यांदा जाणाऱ्या बाळंतिणीसाठी आणि तिच्या घरच्यांसाठी

बाळाच्या आगमनाची धावपळ ओसरली, बारसे आटोपले, की बाळंतिणीचे लक्ष हळूहळू स्वतःच्या दुखण्यांकडे जाऊ लागते. कंबर धरलेली असते, मान अवघडलेली असते, बाळाला उचलताना अंगठ्याच्या मुळाशी कळ येते, सिझरच्या टाक्यांची जागा ओढल्यासारखी वाटते आणि बाळ शांत झोपले असतानाही आईचा डोळा लागत नाही. अशा वेळी ठाण्यात किंवा नवी मुंबईत कुणी ना कुणी ॲक्युपंक्चरचे, म्हणजे शरीरावरच्या ठरावीक बिंदूंवर बारीक सुया टोचण्याच्या उपचाराचे, नाव सुचवते. त्यानंतर कोणत्या क्रमाने पावले टाकावीत, हे या लेखात सांगितले आहे. माझी भूमिका आधीच स्पष्ट करते. ॲक्युपंक्चर हा बाळंतिणीच्या काळजीतला जोडउपचार आहे. एखादी ठरावीक तक्रार घेऊन, प्रसूतितज्ज्ञांच्या माहितीने आणि मुदत ठरवून तो घेतला, तर त्याचा उपयोग होऊ शकतो. तपासणी टाळण्यासाठी किंवा लांबवण्यासाठी तो घेतला, तर मात्र नुकसान होऊ शकते.

कोणत्या तक्रारीसाठी जावे

या उपचाराची मूळ परंपरा चिनी आहे. १९३८ साली सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्यासोबत जे भारतीय वैद्यकीय पथक चीनला गेले, त्यातलेच एक डॉ. विजयकुमार बसू यांनी पुढे १९५९ मध्ये कोलकात्यात ॲक्युपंक्चर सुरू केले आणि तिथून ते भारतात रुजले. चिनी घरांतही बाळंतिणीला महिनाभर घराबाहेर पडू न देण्याची, तिला गार वारा आणि गार पाणी लागू न देण्याची रीत आहे. आपल्याकडच्या सव्वा महिन्याशी ती इतकी जुळते, की हा उपचार आपल्या आजी-सासूबाईंना फारसा परका वाटत नाही. मात्र ओळखीचा वाटणे आणि गुण येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कंबरदुखी आणि मानदुखी यांसारख्या दुखण्यांत ॲक्युपंक्चरमुळे काही प्रमाणात आराम पडतो, याला बऱ्यापैकी आधार आहे. गर्भारपणातल्या कंबरेच्या आणि ओटीपोटाभोवतीच्या हाडांच्या दुखण्यावरही त्याचा अभ्यास झालेला आहे. खास बाळंतपणानंतरच्या तक्रारींवरचे अभ्यास मात्र बहुतेक लहान आहेत आणि त्यांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. म्हणून कंबर, मान, खांदे, मनगट यांचे दुखणे आणि ताणामुळे उडालेली झोप एवढ्यापुरती आशा धरून जावे, असे मला वाटते. वजन उतरवणे, सुटलेले पोट आत घेणे किंवा 'शरीरातली घाण बाहेर काढणे' असली आश्वासने जिथे मिळतात, तिथून सरळ परत यावे.

अंगावरचे दूध कमी पडते, या तक्रारीबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण आपल्याकडे बहुतेक बाळंतिणी नेमक्या याच चिंतेने कासावीस झालेल्या असतात. परंपरेप्रमाणे दूध वाढावे म्हणून करंगळीच्या नखाच्या कोपऱ्यावर, छातीच्या मधल्या हाडावर आणि स्तनाखालच्या भागात बिंदू घेतले जातात. परंतु दूध कमी असल्याची तक्रार पुष्कळदा बाळाने स्तन तोंडात नीट न पकडल्यामुळे किंवा पुरेशा वेळा न पाजल्यामुळे आलेली असते, आणि त्यावर सुईचा काहीही उपयोग नसतो. नवजात बाळाला चोवीस तासांत ८ ते १२ वेळा पाजावे लागते. पाचव्या दिवसानंतर बाळ दिवसातून सहा किंवा अधिक वेळा लघवी करत असेल आणि त्याचे वजन वाढत असेल, तर दूध पुरते आहे असे समजावे. शंका असेल, तर आधी स्तनपान सल्लागाराला किंवा बालरोगतज्ज्ञांना बाळ पितानाच दाखवावे. अळिवाची खीर आणि डिंकाचे लाडू खुशाल खावेत. मात्र बाळाची पकड सुधारण्याला त्यांचा किंवा सुईचा पर्याय होत नाही.

आधी धोक्याची लक्षणे तपासावीत

पुढीलपैकी काहीही असेल, तर ॲक्युपंक्चरचा विचार त्या दिवसापुरता बाजूला ठेवून थेट रुग्णालय गाठावे. अंगावरून इतके जाणे की तासाभरात पॅड पूर्ण भिजावे, किंवा मोठ्या गाठी पडाव्यात, १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप; घाण वास येणारा स्राव; टाक्यांतून पू येणे; डोके फुटेल असे दुखणे आणि डोळ्यांपुढे अंधारी किंवा चमक येणे; छातीत दुखणे अथवा धाप लागणे; आणि एकाच पायाची पोटरी सुजून गरम व दुखरी होणे.

यातील शेवटच्या तीन लक्षणांकडे आपल्याकडे फार दुर्लक्ष होते. अशी डोकेदुखी आणि अंधारी आणणाऱ्या वाढलेल्या रक्तदाबाचा धोका बाळंतपणाबरोबर संपत नाही, तो पुढचे काही आठवडे टिकून राहतो, आणि पहिल्या सहा आठवड्यांत पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याची शक्यताही एरवीपेक्षा बरीच जास्त असते. पोटरी दुखते म्हणून मालिशवाल्या बाईंकडून ती जोरात चोळून घेणे किंवा तिथे सुया टोचून घेणे, हे दोन्ही या स्थितीत धोक्याचे आहे. तातडीच्या वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी.

मनाच्या दुखण्यालाही मी याच यादीत धरते. बाळंतपणानंतरचे पहिले दोन आठवडे उगाचच रडू येणे, चिडचिड होणे हे पुष्कळ जणींच्या बाबतीत घडते आणि आपोआप ओसरते. दोन आठवड्यांनंतरही उदासी हटत नसेल, बाळाविषयी काहीच वाटेनासे झाले असेल, किंवा स्वतःला वा बाळाला इजा करण्याचे विचार मनात येत असतील, तर तो आजार आहे, त्यावर चांगले उपचार आहेत आणि ते मानसोपचारतज्ज्ञांकडे मिळतात. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. सुया टोचल्यावर शांत वाटत असेल, तर ते उपचाराच्या जोडीने चालू ठेवता येईल, उपचाराऐवजी नव्हे. घरच्यांनी 'बाळाकडे बघ, सगळे ठीक होईल' असे सांगून हा विषय मिटवू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

प्रसूतितज्ज्ञांना काय विचारावे

डिस्चार्ज कार्ड आणि शेवटचे रक्ताचे रिपोर्ट सोबत घेऊन 'मी ॲक्युपंक्चर घेऊ का?' एवढेच विचारले, तर बहुधा 'घ्या, हरकत नाही' असे मोघम उत्तर मिळेल. त्याऐवजी नेमके प्रश्न विचारावेत. सिझरनंतर रक्त पातळ करणारी इंजेक्शने चालू आहेत का आणि ती कधी थांबणार आहेत? ती चालू असताना सुईच्या जागी रक्त साकळण्याची शक्यता वाढते. हिमोग्लोबिन किती आहे? ते बरेच कमी असेल, तर सुई टोचल्यावर चक्कर येऊ शकते, आणि एरवीही थकव्याचे खरे कारण तेच असू शकते. सरकारी कार्यक्रमानुसार बाळंतपणानंतर १८० दिवस रोज लोह व फॉलिक आम्लाची गोळी घ्यायची असते, आणि ती मध्येच सुटलेली असण्याची शक्यता बरीच असते. थकवा, धडधड आणि केस गळणे एकत्र असेल, तर थायरॉइडची तपासणी करायची का, तेही विचारून घ्यावे.

वेदनाशामक गोळ्यांचा प्रश्नही याच भेटीत मिटवावा. अंगावर पाजताना कोणतीच गोळी चालत नाही, या समजुतीने कित्येक जणी विनाकारण दुखणे सोसत राहतात. वास्तविक पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन ही दोन औषधे स्तनपान चालू असताना सामान्यतः सुरक्षित मानली जातात. आपल्या प्रकृतीला कोणते आणि किती घ्यावे, हे डॉक्टर सांगतील.

केव्हा सुरू करावे आणि कुठे जावे

नॉर्मल बाळंतपण झाले असेल, तर अंगावरून जाणे स्पष्टपणे कमी होईपर्यंत, म्हणजे साधारण दोन-तीन आठवडे थांबावे. सिझर झाले असेल, तर सहा आठवड्यांची तपासणी होऊन टाके पूर्ण भरल्याचे कळल्यावरच जावे. मानदुखीसारखी तक्रार त्याआधीच असह्य असेल आणि डॉक्टरांची परवानगी असेल, तर टाक्यांपासून दूरचे, हातापायांवरचे बिंदू वापरून उपचार करता येतो. भरत असलेल्या जखमेवर किंवा तिच्या अगदी जवळ मात्र सुई नको.

क्लिनिक निवडताना नावाइतकाच रस्ताही पाहावा. घोडबंदर रोडवर राहणाऱ्या बाळंतिणीने संध्याकाळच्या कोंडीत नौपाड्यापर्यंत रिक्षाने ये-जा केली, तर खड्ड्यांच्या हादऱ्यांनी कंबर पुन्हा धरते आणि उपचाराचा गुण वाटेतच संपतो. ठाणे स्थानकाच्या आसपासच्या काही जुन्या इमारतींत लिफ्ट नाही. सिझर झालेल्या बाईला दोन जिने चढायला लावण्यापेक्षा तळमजल्यावरचे साधे क्लिनिक बरे. ऐरोली, कोपरखैरणे, वाशी, नेरूळ, खारघर या भागांत आपल्याच नोडमध्ये कुणी आहे का, ते आधी पाहावे. ट्रान्स हार्बरची लोकल दुपारी तुलनेने मोकळी असली, तरी फलाटावरचे जिने आणि चढण्या-उतरण्याची घाई पहिल्या दीड-दोन महिन्यांत टाळलेलीच बरी. सकाळी अकरानंतरची आणि दुपारी चारपूर्वीची वेळ मागावी. पावसाळ्यात घरी येऊन उपचार करणारे चिकित्सक मिळाले, तर थोडे अधिक पैसे देणेही परवडते.

चिकित्सकाची पारख

महाराष्ट्राने २०१५ साली ॲक्युपंक्चरसाठी स्वतंत्र कायदा केला आणि त्याखाली महाराष्ट्र ॲक्युपंक्चर परिषद स्थापन झाली. चिकित्सकाची या परिषदेकडे नोंदणी आहे का, हे फोनवरच विचारावे आणि क्लिनिकमध्ये गेल्यावर प्रमाणपत्र पाहावे. यात संकोच वाटण्याचे कारण नाही. नोंदणी असलेल्या माणसाला असा प्रश्न खटकत नाही. काही फिजिओथेरपिस्ट स्नायूंच्या गाठींवर 'ड्राय नीडलिंग' करतात. त्यातही तशाच बारीक सुया वापरतात, पण ती पद्धत वेगळी आहे आणि तिचे शिक्षणही वेगळे असते. आपल्याला नेमके काय दिले जाणार आहे, ते विचारून घ्यावे.

नोंदणीनंतर बाळंतिणींचा अनुभव विचारावा, आणि त्याहीपेक्षा त्यांनी आपल्याला काय विचारले, याकडे लक्ष द्यावे. बाळंतपण कसे झाले, रक्तस्राव किती झाला, औषधे कोणती चालू आहेत, रक्तदाब किती होता, पुन्हा दिवस राहण्याची शक्यता आहे का, असे काहीही न विचारता जो माणूस सुया काढायला घेतो, त्याच्या टेबलावर झोपू नये. पुन्हा दिवस राहण्याचा प्रश्न अनेकींना विचित्र वाटतो, पण अंगठा व तर्जनीच्या मधला किंवा घोट्याच्या वरच्या आतल्या बाजूचा, असे काही बिंदू गर्भारपणात परंपरेने टाळले जातात. आणि अंगावर पाजत असताना दिवस राहतच नाहीत, हा समज खरा नाही.

चांगला चिकित्सक कसा असतो, याचे ऐरोलीतल्या एका ओळखीच्या मुलीचे उदाहरण देते. उजव्या मनगटात अंगठ्याच्या बाजूला तिला इतके दुखे, की बाळाला उचलताना डोळ्यांत पाणी येई. चिकित्सक बाईंनी सुईची पुडी फोडण्याआधी तिला सोबतचे बाळ गादीवरून उचलून दाखवायला सांगितले. ती दोन्ही अंगठे ताणून बाळाच्या काखेत घालायची आणि सारा भार मनगटावर घ्यायची. बाईंनी तिला तळवे वर करून, एक हात मानेखाली आणि एक ढुंगणाखाली सरकवून बाळ उचलायला शिकवले, रात्रीपुरता मनगटाला आधारपट्टा बांधायला सांगितला आणि मगच सुया लावल्या. लहान बाळाच्या आयांमध्ये हे दुखणे अगदी नेहमीचे आहे, आणि उचलण्याची पद्धत बदलली नाही, तर सुयांनी आलेला आराम टिकत नाही.

पॅकेजच्या बाबतीत सावध राहावे. दहा सिटिंगचे पैसे आगाऊ भरण्यापेक्षा दर सिटिंगला पैसे देणे पसंत करावे, म्हणजे गुण आला नाही तर थांबणे सोपे जाते.

त्या दिवशीची तयारी

उपाशीपोटी जाऊ नये. तासाभरापूर्वी हलके खाऊन पाणी प्यावे. निघण्याआधी किंवा क्लिनिकमध्ये पोचताच बाळाला पाजून घ्यावे. एक तर त्यामुळे बाळ निवांत राहते, आणि दुसरे म्हणजे भरलेल्या स्तनांनी पालथे झोपणे सहन होत नाही. कंबरेच्या उपचारासाठी पालथे झोपणे आवश्यकच असते असे नाही. कुशीवर उशी घेऊन किंवा खुर्चीवर उलटे बसूनही सुया लावता येतात, तसे आपणहून सांगावे. गुडघ्यापर्यंत वर सरकणारी सैल सलवार आणि पुढून उघडणारा कुर्ता सोयीचा पडतो. सोबत एक माणूस बाळासाठी हवेच, आणि आपल्याला हवे असेल तर खोलीतही कुणी सोबत थांबू द्यावे, असा आग्रह धरण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.

टेबलावर काय होते

सुई पाहून बहुतेक जणी घाबरतात, कारण डोळ्यांपुढे इंजेक्शनची सुई असते. ॲक्युपंक्चरची सुई भरीव असते, तिच्यातून कोणतेही औषध जात नाही, आणि तिची जाडी साधारणपणे पाव मिलिमीटरच्या आसपास असते. ती सीलबंद, निर्जंतुक पुडीतून आपल्यासमोर काढली गेली पाहिजे, पुडीवरची मुदत संपलेली नसावी आणि सुई एकदाच वापरून टाकून दिली जावी. उकळून किंवा स्पिरिटने पुसून पुन्हा वापरलेल्या सुया कोणत्याही परिस्थितीत स्वीकारू नयेत. वापरलेल्या सुया सहज टोचून फाटणार नाही अशा पांढऱ्या अर्धपारदर्शक डब्यात टाकणे जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार बंधनकारक आहे. तो डबा खोलीत दिसतो का, ते पाहावे.

चिकित्सक हात धुऊन जागा पुसून घेतात, एका छोट्या प्लॅस्टिकच्या नळीत सुई धरून ती त्वचेवर टेकवतात आणि बोटाने हलकी टिचकी मारतात. मुंगी चावल्यासारखे क्षणभर वाटते. नंतर सुई थोडी आत गेल्यावर तिथे जडपणा, ठणक किंवा झिणझिण्या जाणवतात. तसे जाणवणे अपेक्षितच असते. विजेच्या झटक्यासारखी तीव्र कळ मात्र सहन करत बसू नये, लगेच सांगावे, सुई मागे घेतली जाते. सुया पंधरा ते तीस मिनिटे ठेवतात. त्या काळात घाम फुटला, मळमळले किंवा डोळ्यांपुढे अंधारले, तरी ताबडतोब हाक मारावी. सुया काढून, पाय उंच करून झोपवले की बहुतेक वेळा काही मिनिटांत बरे वाटते. म्हणून पहिल्या सिटिंगला झोपूनच उपचार घ्यावा आणि सुया मोजक्याच ठेवायला सांगाव्यात. लावताना किती सुया लावल्या ते मोजून ठेवावे आणि काढतानाही मोजाव्यात. कपड्याच्या घडीत राहिलेली सुई नंतर बाळाला टोचू शकते.

छाती, पाठीचा वरचा भाग आणि खांद्याचा माथा या जागांबाबत विशेष काळजी हवी. तिथे सुई खोल गेली, तर फुप्फुसाला इजा होऊ शकते. असे फार क्वचित घडते, पण घडले तर त्रास काही तासांनीही सुरू होऊ शकतो. उपचारानंतर अचानक छातीत दुखून धाप लागली, तर रुग्णालयात जाऊन सुया टोचल्याचे आवर्जून सांगावे.

शेक आणि धुरी

काही ठिकाणी सुयांसोबत मोक्सा देतात. ही आपल्या दवण्याच्याच कुळातल्या एका वनस्पतीची वाळवलेली पाने असतात. ती पेटवून त्यांची ऊब बिंदूवर दिली जाते. ओवा आणि बाळंतशेपाच्या धुरीची सवय असलेल्या घरांत हे सहज स्वीकारले जाते, तरी दोन पथ्ये पाळावीत. धूर होत असताना बाळ त्या खोलीत नसावे. आणि सिझरच्या टाक्यांभोवतीची त्वचा कित्येक महिने बधिर राहते, त्यामुळे तिथे शेक, मोक्सा किंवा ऊब देणाऱ्या लाल दिव्याचा शेक देऊ नये. चटका बसला तरी कळत नाही. घरातल्या शेकशेगडीलाही हाच नियम लावावा.

घरी आल्यावर आणि पुढे

सुईच्या जागी रक्ताचा एखादा थेंब येणे, छोटा निळसर डाग पडणे किंवा त्या दिवशी सुस्ती येणे हे किरकोळ असते. शक्य असेल तर बाळाला आजीकडे सोपवून तासभर पडावे. जागा लाल होऊन गरम झाली आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाढत गेली, तर डॉक्टरांना दाखवावे.

पहिल्या सिटिंगच्या आदल्या दिवशीच एका वहीत तक्रार लिहून ठेवावी: दुखणे शून्य ते दहाच्या मापात किती आहे, बाळाला किती वेळ सलग घेता येते, रात्री सलग किती झोप लागते. आठवड्यातून एक किंवा दोन सिटिंग घेऊन चार ते सहा सिटिंगनंतर तीच वही पुन्हा पाहावी. आकडे हलले असतील, तर अंतर वाढवत आणखी काही सिटिंग घ्याव्यात. हलले नसतील, तर तिथेच थांबावे आणि 'अजून दहा घ्या' या सल्ल्याला नम्रपणे नकार द्यावा.

थांबल्यावर दुखणे तसेच असेल, तर पुढचा मार्ग बहुधा फिजिओथेरपिस्टकडे जातो. विशेषतः शिंकताना-खोकताना लघवी सुटणे, पोटाच्या मधोमध स्नायूंत फट राहणे किंवा खाली काही ओघळल्यासारखे वाटणे, या तक्रारींत ओटीपोटाच्या तळाच्या आणि पोटाच्या स्नायूंचा योग्य व्यायाम शिकून घेणे हाच पहिला उपाय आहे. लाजेपोटी वर्षानुवर्षे दडवलेल्या या तक्रारी सहा आठवड्यांच्या तपासणीतच प्रसूतितज्ज्ञांना सांगाव्यात, आणि ॲक्युपंक्चर घेतले असेल तर कुठे, कशासाठी आणि किती वेळा, हेही त्याच वेळी फाइलमध्ये नोंदवून घ्यावे.